विंडोज १० गेले, आता घरच्या कॉम्प्युटरचे काय?



गणपतीत आरती झाल्यावर, दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत, कोजागिरीला दूध आटेपर्यंत... मंडळातल्या आम्हा आयटीवाल्यांना गाठायच्या या ठरलेल्या जागा. पूर्वी प्रश्न असायचा, "कुठला लॅपटॉप घेऊ?" १४ ऑक्टोबर २०२५ नंतर प्रश्न बदलला. "आमचा जुना विंडोज १० वाला आहे. झकास चालतो हो! पण म्हणे आता तो बाद. खरंच टाकून द्यायचा का?"

याचे उत्तर हातात चकलीची प्लेट धरून देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधीच सांगून टाकतो, आमच्यात एकमत नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी सगळे मॅक आहेत, दुसरा लिनक्सशिवाय कशाला हात लावत नाही, तिसरा घरी-ऑफिसात विंडोजवर सुखी आहे. आमचे वाद ऐकलेत तर पुणे-मुंबई वाद परवडला म्हणाल. पण गेल्या काही महिन्यांत मंडळातल्या बऱ्याच घरांतली मशीन उघडून पाहिल्यावर एका गोष्टीवर तिघांचेही जमले. "सगळ्यात भारी सिस्टिम कुठली" हा प्रश्न घरच्या कॉम्प्युटरला लागूच पडत नाही. विचारायचे ते दोनच: या मशीनवर नक्की काय काय केले जाते? आणि अडले तर फोन कोण उचलणार?

"सपोर्ट संपला" म्हणजे नक्की काय झाले?

मशीन बंद पडले नाही, पडणारही नाही. विंडोज १० आले २९ जुलै २०१५ ला, आणि पुढली दहा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्याला दुरुस्त्या येत राहिल्या. कोट्यवधी ओळींच्या प्रोग्रॅममध्ये भोके सापडतच राहतात. सापडले की कंपनी ठिगळ पाठवते. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ही फुकटची ठिगळे बंद झाली, एवढेच.

"एवढेच" म्हटले खरे, पण मेख पुढे आहे. विंडोज १० आणि ११ यांचा आतला बराचसा भाग सारखाच आहे. विंडोज ११ ला एखादे ठिगळ आले की ते कुठे लावले हे जगाला दिसते, वाईट हेतूने बघणाऱ्यांनाही. तेच भोक १० मध्ये असेल तर ते उघडेच, आणि आता पत्त्यासकट जाहीर!

इथे राहणाऱ्यांना मे २०१७ चे 'वॉनाक्राय' आठवत असेल. मंडळात एनएचएसमधले डॉक्टर-नर्स कमी नाहीत, त्यांना तर नक्कीच. शुक्रवारी, १२ मेला हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर एकामागून एक कुलूपबंद झाले, स्क्रीनवर खंडणीची मागणी. इंग्लंडमधल्या साधारण एक तृतीयांश ट्रस्टना फटका बसला, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्या वेळी सगळे म्हणत होते की जुनाट विंडोज एक्सपीमुळे झाले. चौकशीत निघाले ते वेगळेच. लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, त्या भोकाचे ठिगळ मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी आले होते, आणि ते लावलेलेच नव्हते. तेव्हा निदान ठिगळ हाताशी होते. तुमच्या विंडोज १० ला ते येणारच नसेल तर काय, याचा विचार करा.

"पण आमच्याकडे अँटिव्हायरस आहे" हे आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. विंडोजमधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. त्यामुळे अपडेटच्या पानावर अजूनही काहीबाही उतरताना दिसते आणि मंडळी निश्चिंत होतात. अँटिव्हायरस म्हणजे गेटवरचा वॉचमन. ओळखीचे चोर तो अडवेल. मागच्या भिंतीला पडलेले खिंडार बुजवणे हे त्याचे काम नव्हे.

विंडोज ११ का चढत नाही?

कारण कंपनीने २०२१ मध्ये विंडोज ११ आणताना अटी घातल्या. टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, यूईएफआय आणि सिक्युअर बूट हवे, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क. आणि सगळ्यात जाचक अट म्हणजे प्रोसेसर मान्य यादीतला हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठवी पिढी किंवा नंतरची, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिका किंवा नंतरची. पिढी ओळखायची सोपी खूण सांगतो. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे प्रोसेसरचे नाव असते. आय५-७२०० असे असेल तर पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी, गाडी चुकली. आय५-८२५० असेल तर आठवी, म्हणजे आत! दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन आकडे बघायचे. (म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेला महागडा लॅपटॉप बाहेर आणि वर्षभराने सेलमध्ये घेतलेला स्वस्तातला आत. न्याय कुठे आहे म्हणाल तर आम्हालाही सापडला नाही.)

एक मात्र तपासा. टीपीएम पुष्कळदा मशीनमध्ये असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेले असते. विशेषतः जोडून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे छोटे साधन चालवले की नक्की कुठली अट आडवी येते ते कळते. नुसते टीपीएम असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.

अटी चुकवून ११ बसवायच्या युक्त्याही आहेत, इंटरनेटवर ढिगाने सापडतील. चालते का? चालते. पण पुढचा मोठा अपडेट अशा मशीनवर येईलच याची हमी कंपनी देत नाही. स्वतःच्या खेळण्यातल्या मशीनवर हवे ते करा. ज्यावर वहिनी बँकेचे व्यवहार करतात त्यावर ही कसरत नको, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विकतची (किंवा फुकटची) मुदतवाढ

कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी २०२५ मध्ये एक वर्षाची मुदतवाढ जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिचे नाव 'ईएसयू'. तीन वाटा ठेवल्या: मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून मशीनची सेटिंग्ज त्यांच्याकडे सिंक केलीत तर फुकट, रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट असतील तर ते देऊन, नाहीतर ३० डॉलर किंवा तितक्याच किमतीचे स्थानिक चलन एकदाच भरून. एका लायसन्सवर दहा मशीन चालतात. विंडोज १० चे २२एच२ हे व्हर्जन असले पाहिजे. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक असते.

युरोपातल्या मंडळींना सेटिंग्ज सिंक न करताही फुकट मिळाले, त्यामुळे जर्मनीतल्या भावोजींनी "मला तर काहीच करावे लागले नाही" असे सांगितले असेल तर ते खोटे बोलत नाहीत. ती सवलत युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती होती, आणि ब्रिटन त्यात नाही. असो.

फुकटच्या वाटेवर एक चकवा आहे. सिंक करायची ती सेटिंग्ज. पण त्याच ओघात वनड्राइव्ह तुमचे फोटो-कागदपत्रेही वर चढवायला निघते, फुकटातली ५ जीबी जागा दोन दिवसांत भरते, आणि मग जागा विकत घ्या म्हणून मागे लागते. मुदतवाढीसाठी त्याची गरज नाही. फोल्डरांचे बॅकअप बंद ठेवले तरी चालते.

मुदतवाढ घ्यावी का? घ्यावी, पण निर्णय पुढे ढकलण्यासाठी नव्हे, तर शांतपणे सामान हलवायला वेळ मिळावा म्हणून.

लिनक्स: कोणाला जमेल, कोणाला नाही

हेल्सिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी इंटरनेटवरच्या एका चर्चागटात सांगितले, की मी हौस म्हणून एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, सूचना असतील तर कळवा. सूचना आल्या, त्यांच्याबरोबर माणसेही आली, आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सवर चालतो. आमच्यापैकी काहींची पहिली ओळख उबुंटूच्या सीडीने झाली. २००५ ते २०११ पर्यंत ते लोक जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवत. भारतातल्या हॉस्टेलवर परदेशातून पाकीट येणे हेच तेव्हा अप्रूप होते!

घरासाठी आम्ही सुचवतो ते लिनक्स मिंट. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, सगळे विंडोज ७ सारखे. पन्नाशी-साठीच्या मंडळींना विंडोज ११ पेक्षा हेच ओळखीचे वाटते, हा आमचा अनुभव. २०१३-१४ चा लॅपटॉप ४ जीबी रॅमवर बऱ्यापैकी पळतो, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तर ओळखू येत नाही. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पैसे शून्य. शिवाय बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर सापडतो का, हे अर्ध्या तासात कळते. लग्नाआधी पत्रिका बघावी तसे हे बघाच.

आता खरी बाजू. तुमच्या दिवसभराच्या गोष्टी ब्राउझरमध्ये होत असतील, म्हणजे बँक, ईमेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मुलांची शाळेची गूगल क्लासरूम, तर लिनक्स आहे हे कोणाला कळणारही नाही. पण मायक्रोसॉफ्ट ऑफिस त्यावर बसत नाही. ब्राउझरमधले चालते, आणि लिबरऑफिस आहे, पण मोठ्या एक्सेल फाइलींवर पोट असलेल्या माणसाने त्या भरवशावर राहू नये. अडोबीचे फोटोशॉप वगैरे नाही. आणि चिरंजीव फोर्टनाइट किंवा व्हॅलोरंट खेळत असतील तर घरात महाभारत होईल. ते खेळ त्यांच्या फसवणूक-विरोधी प्रोग्रॅममुळे लिनक्सवर चालत नाहीत. (काही आयांनी हे ऐकून लगेच "उद्याच बसवा" म्हटले आहे. तो भाग वेगळा.)

ज्यांना एवढेही नको, नुसता ब्राउझर पुरे, त्यांच्यासाठी गूगलने २०२२ मध्ये आणलेले क्रोमओएस फ्लेक्स आहे. तेही फुकट, तेही जुन्या मशीनवर. प्रिंटर आणि मराठी टायपिंग आधी तपासा, बाकी बिघडायला त्यात फारसे काही नाही.

मॅकवाले आतापर्यंत गालातल्या गालात हसत असतील. त्यांनाही सांगायचे आहे. २०२५ मधले मॅकओएस २६ 'टाहो' हे इंटेल मॅकवर चालणारे शेवटचे, असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. नोव्हेंबर २०२० च्या आधी घेतलेला मॅक असेल तर तो इंटेलचाच.

आणि नवे मशीन घेणे यात कमीपणा काही नाही. दहा वर्षे चाललेल्या लॅपटॉपची बॅटरी, बिजागऱ्या, पंखा सगळेच थकलेले असते.

पुसण्याआधी: जुन्या फाँटमधले मराठी

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीचे सगळे परत मिळते, हे मिळत नाही.

२००० च्या आसपास इकडे आलेल्या बहुतेक घरांत एक फोल्डर असतो. आजोबांचे आत्मचरित्र, आईच्या पाककृती, मंडळाच्या एकांकिकेची संहिता, लग्नपत्रिकेचा मसुदा. टाइप केलेले शिवाजी, कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये. या फाँटची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी साठवलेलेच नसते. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची चिठ्ठी, आणि फाँट फक्त त्या प्रत्येक चिन्हाला देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि समोर कंस, उद्गारचिन्हे, इंग्रजी अक्षरांची खिचडी. मशीन पुसले, ड्राइव्हवर डॉक्युमेंट जपली, पण फाँट विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्येच राहिला. नव्या मशीनवर आजोबांचे आत्मचरित्र उघडते ते असे!

म्हणून पुसण्याआधी तीन कामे करा. जुन्या मशीनवर ती प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फाँट आत बसतो, त्यामुळे वाचता तरी येईल. फाँट्स फोल्डरमधून त्या फाँटची फाइलही उचलून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. आणि मूळ डॉक्युमेंट टाकू नका, कारण पुढे युनिकोडमध्ये बदलायचे झाले तर तीच लागेल. अशी रूपांतरे करणारी साधने फुकट मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुका राहतात, एकदा डोळ्याखालून घालावेच लागते. हे काम दिवाळीच्या सुट्टीत मुलांना द्या, असे म्हणणार होतो. पण त्यांना मराठी वाचता येते का, हा निराळ्या लेखाचा विषय.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, फोन, कुठेही उघडा, मराठी ते मराठीच. विंडोजमध्ये हे २००० सालच्या आवृत्तीपासून आले. एक्सपीवर मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि सीडी घालायची भानगड होती, आणि ती सीडी ऐन वेळी कोणालाच सापडत नसे. आज सगळीकडे आपोआप आहे. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आला, ११ मध्येही आहे. मॅकवर देवनागरी कीबोर्ड आहेत. मिंटमध्ये कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्टही आहे, फोनेटिकही. गूगलचे विंडोजवर बसवायचे जुने मराठी टायपिंगचे साधन गूगलने केव्हाच काढून घेतले. इकडेतिकडे त्याच्या प्रती मिळतात, त्या उतरवू नका. आत काय आहे कोणी बघितले आहे?

नवा कीबोर्ड लावल्यावर एक चाचणी घ्या. "दुसऱ्या तऱ्हेचा वारा, वाऱ्यावर" असे टाइप करा. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांत आपला अर्धा 'ऱ' पुष्कळदा नसतोच, आणि 'वाऱ्यावर' चे 'वार्यावर' होते. हे डोळ्यांना खुपत नसेल तर प्रश्न नाही. आम्हाला खुपते.

भारतातले आई-बाबा आणि आपण पाठवलेला लॅपटॉप

इथल्या घरातला जुना लॅपटॉप कुठे जातो? तुम्हाला माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे. पुढल्या खेपेला बॅगेतून पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला. "बाबांना पेपर वाचायला पुरे." मग बाबा त्यावर पेपर वाचतात, आणि पेन्शनचे खाते बघतात, मुदतठेवी मोडतात, इन्कमटॅक्सचे रिटर्न भरतात. म्हणजे घरातले सर्वांत असुरक्षित मशीन आयुष्यभराच्या बचतीसमोर जाऊन बसते. यंदा हे करण्याआधी थांबा. विंडोज १० चे मशीन जसेच्या तसे पाठवू नका.

इथे आमचे एकमत पुन्हा मोडते. लिनक्सवाला म्हणतो, मिंट घालून पाठवा, निर्धास्त राहा. दुसरा म्हणतो, आणि आम्ही बाकीचे त्याच्या बाजूचे, की आधी बाबांचे टेबल बघा. टेबलावर कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर आहे का? भारतातल्या निम्म्या घरांत, ऑफिसांत आणि प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात तो असावा असे वाटते, इतका तो टिकाऊ. पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर लावणे म्हणजे शनिवारचा रविवार होतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर उलट सुरळीत चालतात. काका अजून कुठल्या ट्रस्टचे किंवा सोसायटीचे कागद डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनने सही करून पाठवतात का? तिथे विंडोजच धरून चाललेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, बिघडले तर कोण येते? कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला मुलगा. त्याला मिंट दाखवले तर तो चांगल्या मनाने ते पुसून कुठले तरी चोरीचे विंडोज घालून देईल, आणि बाबा त्याला वर चहा पाजतील. ज्या घरात असा धोका आहे तिथे विंडोज ११ चढणारे स्वस्त मशीन तिथेच विकत घेऊन देणे शहाणपणाचे. ज्या घरात बाबा स्वतः चौकस आहेत, किंवा नुसता ब्राउझरच वापरतात, तिथे मिंट उत्तम.

फोन कोण उचलणार म्हणालो ते यासाठी. इथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिथले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. शनिवारी सकाळी या वेळेला आई-बाबांच्या मशीनवर दूरून बसायची सवय ठेवा. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे, क्रोम रिमोट डेस्कटॉप विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालते. पण त्याबरोबर एक नियम पक्का हवा: स्क्रीन फक्त आपल्या मुलाला-मुलीला दाखवायची, तीही व्हिडिओ कॉलवर चेहरा बघून. कारण हीच साधने भामटेही वापरतात. एनीडेस्क उतरवायला लावून खाती साफ करण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

विंडोज १० संपल्याच्या बातमीने तर या मंडळींना आयताच विषय मिळाला. स्क्रीनभर लाल खिडकी, "तुमचे विंडोज संपले, या नंबरवर फोन करा", कर्कश आवाज. आई-बाबांना एकच वाक्य पाठ करून घ्या: खऱ्या विंडोजच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती खोटी. ब्राउझर बंद होत नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरायचे. मशीनचे काही बिघडत नाही. आणि पैसे गेलेच तर भारतात ताबडतोब १९३० वर फोन, मुलाची वाट न बघता. पहिल्या काही तासांत पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. इथे आपल्याकडे तसा प्रसंग आला तर १५९ लावा, तिथून तुमच्या बँकेशी जोडून देतात. बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत.

मदत मागायची कशी?

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारा नेहमीचा मेसेज: "लॅपटॉप चालत नाहीये, कोणी सांगेल का प्लीज". यावर अर्ध्या तासात बावीस उत्तरे. रीस्टार्ट करा, मॅक घ्या, लिनक्स टाका, माझा पण असाच झाला होता, आणि एक शुभ प्रभातचा फोटो. यात उत्तर देणाऱ्यांची चूक नाही, त्यांना काही कळलेलेच नसते.

लिनक्सच्या जगात मागे कंपनी नाही, माणसेच आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न विचारायची एक रीतच पडली आहे. ती कुठेही उपयोगी पडते. मशीन कुठले, सिस्टिम कुठली आणि कितवी आवृत्ती, स्क्रीनवर आलेले वाक्य जसेच्या तसे (स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल), आदल्या दिवशी काय बदलले होते, आणि आतापर्यंत काय करून पाहिले. "डेलचा २०१८ चा लॅपटॉप, विंडोज ११, काल अपडेट झाल्यापासून निळा स्क्रीन येऊन बिटलॉकर की मागतो" असे लिहिलेत तर पहिल्याच उत्तरात काम होते. (त्याचे उत्तर इथेच देऊन टाकतो. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आपोआप साठवलेली असते. फोनवरून साइन इन करून बघा. आणि आज मशीन धड चालत असताना ती कागदावर उतरवून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.)

अनोळखी माणसाने दिलेली कमांड मात्र समजल्याशिवाय चिकटवू नका. शंभरातले नव्याण्णव लोक मनापासून मदत करत असतात. उरलेल्या एकाला तुमची डिस्क रिकामी झालेली बघण्यात गंमत वाटते.

मिंट बघायचे असेल तर आमच्यापैकी कोणालाही गाठा, पेनड्राइव्ह करून देऊ. येताना लॅपटॉपबरोबर चार्जर आणा (निम्मे लोक विसरतात), आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यावरचे फोटो आधी काढून घ्या, कारण तो पहिल्याच पायरीला पूर्ण पुसला जातो.